दुकान विकले, पण गिऱ्हाईक?

आमच्या आप्पामामांचा कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी घाऊक चहाचा धंदा होता. आसामची ममरी आणि दक्षिणेकडची बारीक डस्ट अशी खोकी आणायची, मागच्या वखारीत ताडपत्रीवर दोन्ही ओतून एकत्र करायची, उकळून चाखून पाहायची, आणि पाच-पाच, दहा-दहा किलोंच्या पिशव्या भरून आसपासच्या पन्नासएक खेड्यांतल्या दुकानदारांना पोचवायच्या, असा तो व्यवहार. ममरी किती आणि डस्ट किती हे मामांच्या हाताला ठाऊक. वहीत ते कुठेही लिहिलेले नव्हते. १९९३ साली, साठी उलटल्यावर आणि मुलगा नोकरीसाठी कायमचा पुण्याला गेल्यावर, मामांनी हा धंदा एका तरुणाला विकला. दुकानाचा गाळा, वखार, दोन तराजू, शिल्लक माल, एक जुना टेम्पो आणि उधारीची वही, सगळे मोजून दिले. त्या सगळ्याची बेरीज झाल्यावर वर 'नावाचे' म्हणून चाळीस हजार रुपये निराळे लावले. त्या तरुणाने वडिलांची दोन एकर जमीन गहाण टाकून पैसे उभे केले होते.

आठ-नऊ महिने मामा घरी बसले. पण जन्मभर पहाटे पाचला उठून वखारीचे कुलूप काढलेला माणूस. त्याला ओटीवर बसून वर्तमानपत्र किती पुरणार? त्यांनी एसटी स्टँडजवळ एक लहानसा गाळा भाड्याने घेतला. 'वेळ जावा म्हणून' असे ते सांगत. बाजाराच्या दिवशी खेड्यांतले दुकानदार स्टँडवर उतरत, समोर मामा दिसत, रामराम होई, आणि बोलता बोलता दहा किलोंची पिशवी बांधली जाई. वर्षाच्या आत त्या तरुणाची निम्मी खेडी गेली.

एका दुपारी तो मामांच्या घरी आला. मी सुट्टीला तिथेच होतो. तो भांडला नाही. ओटीवर बसला, तांब्यातले पाणी प्याला आणि एवढेच म्हणाला, "आप्पा, तुम्ही मला नेमकं विकलंत तरी काय?"

मामा म्हणाले, "मी कुणाला बोलावलं का? त्यांच्या पायानं येतात ते."

वाचकहो, मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. दोघांचेही बोलणे मला खरे वाटले आणि म्हणूनच ते डोक्यात राहिले. पुढे इतिहास शिकताना आणि शिकवताना ध्यानात आले की हा प्रश्न काही आमच्या ओटीवर पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. इंग्लंडातल्या न्यायालयांत तो शतकानुशतके विचारला जात होता, आणि त्याचे जे उत्तर हळूहळू तयार झाले तेच आज आपल्या देशाच्या कायद्यातही बसले आहे. त्या उत्तराची गोष्ट आज तुम्हांला सांगावयाची आहे. गोष्ट राजांची नाही, लढायांचीही नाही. रंगारी, भटियारा, गाडीवाला, कापडाचा व्यापारी आणि व्हार्निश करणारा अशा साध्या माणसांची ही गोष्ट आहे. पण तुमच्यापैकी ज्याचे एखादे दुकान, एखादा लहान कारखाना असेल, त्याच्या पोटाशी तिचा थेट संबंध आहे.

सुरुवात १४१४ सालापासून करू. इंग्लंडात जॉन डायर नावाचा एक रंगारी होता. त्याने एकाला लिहून दिले होते की अमुक गावात सहा महिने मी रंगाऱ्याचा धंदा करणार नाही. त्या कराराचा वाद न्यायालयात गेला. न्यायमूर्ती हल यांनी कागद पाहिला आणि ते इतके संतापले की, हा करार करून घेणारा माणूस इथे हजर असता तर राजाचा दंड भरेपर्यंत मी त्याला तुरुंगात टाकला असता, असे ते देवाची शपथ घेऊन बोलले.

आज आपल्याला हा संताप अतिरेकी वाटतो. पण त्या काळाची परिस्थिती लक्षात घ्या. युरोपात महामारी येऊन गेलेली, काम करणारे हात कमी, आणि ज्याने त्याने शिकलेला धंदाच करावा अशी समाजाची घडी. रंगाऱ्याला रंगकामाखेरीज दुसरे काही येत नाही. उमेदवारी करून शिकलेली तीच एक विद्या. ती करू नकोस असे त्याला बांधले तर तो खाणार काय? आणि गावाला रंगारी कुठून मिळणार? तेव्हा माणसाने आपला धंदा न करण्याचे वचन देणे म्हणजे स्वतःलाही बुडवणे आणि गावालाही नाडणे, असा त्या न्यायाधीशाचा हिशेब होता. तो हिशेब त्या काळी चुकीचा नव्हता.

पण काळ बदलला. शहरे वाढली, कारागिरांच्या श्रेण्यांचे बंधन सैल झाले, आणि एक नवाच माणूस उभा राहिला: जो धंदा वाढवतो आणि म्हातारपणी तो विकून निवांत बसू इच्छितो. आता जुना नियम त्याच्याच अंगावर उलटला. कसा ते पाहा. मी माझे दुकान तुम्हांला विकतो आहे. पण 'शेजारी पुन्हा दुकान काढणार नाही' असे वचन कायद्याने मला देताच येत नाही. मग तुम्ही मला काय म्हणून किंमत द्याल? भिंतींची आणि तराजूची द्याल, त्यापलीकडे एक पैसाही देणार नाही. म्हणजे माझ्या स्वातंत्र्याचे रक्षण करणारा नियमच माझी जन्मभराची कमाई कवडीमोल करतो!

ही अडचण १७११ साली एका भटियाऱ्याच्या खटल्यात सुटली. लंडनच्या होबर्न भागात रेनॉल्ड्स नावाच्या पाव करणाऱ्याने आपल्या भट्टीचा पाच वर्षांचा पट्टा मिचेल नावाच्या माणसाला दिला, आणि या पाच वर्षांत या पॅरिशमध्ये पावाचा धंदा केला तर पन्नास पौंड भरीन असे लिहून दिले. पुढे वाद झाला तेव्हा रेनॉल्ड्सने तोच जुना बचाव पुढे केला: मी उमेदवारी करून शिकलेला पाववाला, मला धंद्यापासून रोखणारा कागदच मुळी रद्द आहे. सरन्यायाधीश पार्कर यांनी तो बचाव मानला नाही. त्यांनी भेद केला. सगळ्या देशात धंदा करू नको असे बंधन वाईट, कारण त्याचा कुणालाच उपयोग नाही. पण एका जागेपुरते, योग्य मोबदला घेऊन, विकत घेणाऱ्याच्या रक्षणापुरते घातलेले बंधन वाजवी होय आणि म्हणून ते टिकेल. एका पॅरिशमधल्या पावभट्टीवरून उभा राहिलेला हा 'वाजवीपणा'चा विचार पुढे इंग्रजी कायद्याचा पाया झाला.

इथवर ठीक. पण मिचेलपाशी लेखी वचन होते. आमच्या मामांच्या खरेदीखतात तसले एक अक्षरही नव्हते. ज्याच्यापाशी लेखी काही नाही त्याने काय करायचे? धंदा विकला म्हणजे त्यातच काही वचन आपोआप आले की नाही? पुढच्या पाऊणशे-शंभर वर्षांचा इतिहास हा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

१८१० साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांच्यापुढे एक गाडीवाला आला. त्याचे नाव लाय. ब्रिस्टलहून लंडनकडे मालाच्या गाड्या हाकण्याचा त्याचा धंदा. रेल्वे यायच्या आधीचा काळ. असा मार्ग म्हणजे मोठी मिळकत. लाय दिवाळखोर झाला आणि त्याचा धंदा नावलौकिकासकट विकला गेला. क्रटवेल नावाच्या माणसाने तो घेतला. पुढे दिवाळखोरीतून मोकळा झाल्यावर लायने मित्रांच्या मदतीने पुन्हा गाड्या सुरू केल्या. क्रटवेलने मनाई मागितली. एल्डनसाहेबांनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की विकला गेलेला नावलौकिक म्हणजे काय, तर जुने गिऱ्हाईक जुन्या जागी येत राहील असा संभव. त्याहून अधिक काही नाही. जागा तुला मिळाली, संभवही मिळाला. दुसऱ्याने प्रामाणिकपणे स्पर्धा केली तर तक्रार कसली?

'नावलौकिक' हा शब्द मी इथे वापरतो आहे. इंग्रजीत याला गुडविल म्हणतात आणि आपल्या व्यापारपेठेतही आता तोच शब्द रुळला आहे. आपले जुने व्यापारी पेढीची 'पत' म्हणत, कुणी 'गादीचं नाव' म्हणत. मामांच्या खरेदीतले ते 'नावाचे' चाळीस हजार म्हणजे हेच. धंदा विकताना त्याचा आकडा काढण्याची साधी रीत अशी की मागच्या तीन किंवा पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची आणि तिची दुप्पट-तिप्पट लावायची. आकडा निघतो, पण आपण विकत काय घेतले हे त्या आकड्यातून कळत नाही.

एल्डनसाहेबांची व्याख्या किराणा दुकानाला, खाणावळीला, नाक्यावरच्या न्हाव्याला चांगली लागू पडते. पाय तिकडे वळलेले असतात. मालक बदलला तरी वळतात. पण घाऊक धंद्याचे काय? मामांची वखार कुठल्या गल्लीत आहे हे निम्म्या दुकानदारांना ठाऊकही नव्हते. त्यांच्या दारात टेम्पो येई एवढेच. तिथे जागा ती काय आणि तिचा संभव तो काय!

नेमका हाच मुद्दा १८५९ साली ब्रॅडफर्डच्या खटल्यात निघाला. ब्रॅडफर्ड म्हणजे यॉर्कशायरमधले लोकरी कापडाचे मोठे केंद्र. तिथे 'जॉन डग्लस आणि कंपनी' नावाची कापडाच्या व्यापाऱ्यांची पेढी होती. डग्लसने आपला हिस्सा नावलौकिकासकट भागीदारांना विकला आणि थोड्याच काळात जवळच नवी पेढी थाटली. नाव काय ठेवले? 'जॉन डग्लस आणि कंपनी'! त्याचे म्हणणे सरळ होते: माझे नाव जॉन डग्लस, बापाने ठेवलेले नाव मी का वापरू नये?

उपचॅन्सेलर सर विल्यम पेज वुड यांनी फार शहाणपणाचा निकाल दिला. ते म्हणाले, नावलौकिक म्हणजे केवळ जागा हे खरे नाही. मोठ्या घाऊक पेढीची वखार रस्त्याच्या या टोकाला आहे की त्या टोकाला, याची गिऱ्हाईक पर्वा करत नाही. पेढी तीच आहे की नाही एवढेच ते पाहते. तेव्हा जुन्या पेढीने जो जो फायदा कमावला, जागेचा असो की नावाचा, तो सगळा नावलौकिकात येतो. डग्लसने पुन्हा धंदा करावा, हवा तर शेजारी करावा. पण जुन्या पेढीच्या नावाने करू नये, आणि तीच पेढी मी चालवतो आहे असे लोकांना भासवू नये.

पाहा, एक पाऊल पुढे पडले. १८१० साली विकत घेणाऱ्याला जागा मिळाली होती, १८५९ साली नावही मिळाले. आता राहिली माणसे.

१८७२ साली यॉर्कशायरमधल्याच कर्कस्टॉल येथील बिअरच्या भट्टीच्या विक्रीवरून लॉर्ड रोमिली यांनी तिसरे पाऊल टाकले. विकणाऱ्याने नवा धंदा काढावा, त्याची जाहिरात सगळ्या जगापुढे करावी. पण जुन्या पेढीच्या गिऱ्हाइकांकडे एकेकाकडे जाऊन 'आता माल माझ्याकडून घ्या' असे म्हणू नये. एका हाताने विकलेली वस्तू दुसऱ्या हाताने परत ओढता येत नाही, हा त्यामागचा विचार.

असे वाटावे की वाद संपला. पण कायद्याचा रस्ता सरळ नसतो. १८८४ साली मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यावरून, एकाच घराण्यातल्या माणसांचा वाद अपील न्यायालयात गेला आणि तिथे बहुमताने ठरले की रोमिलीसाहेब चुकले. करारात लिहिलेले नसेल तर जुन्या गिऱ्हाइकांना साद घालायला विकणारा मोकळा आहे. झाले! बारा वर्षे विकत घेणारे लोक ज्या भरवशावर पैसे मोजत होते तो भरवसा एका निकालाने गेला.

तो परत आणला एका कारकुनाच्या रात्रपाळीने. ही हकीकत मोठी रंजक आहे. लंडनची 'टेबर ट्रेगो आणि कंपनी' व्हार्निश बनवी. ट्रेगो वारला. त्याच्या विधवेने हंट नावाच्या गृहस्थाबरोबर १८८९ साली सात वर्षांची भागीदारी केली. अट अशी की पेढीचा नावलौकिक हा बाईंच्या एकटीच्या मालकीचा राहील. मुदत संपत येऊ लागली तेव्हा ध्यानात आले की हंटसाहेबांनी पेढीतल्याच एका कारकुनाला कामाची वेळ संपल्यावर बसवून वह्यांमधून गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते उतरवून घ्यायला लावले आहेत. कशासाठी, हे सांगायला नकोच.

बाई न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयांपुढे १८८४ चा निकाल आडवा होता. शेवटी प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, आणि १८९६ च्या वृत्तांतात छापलेल्या त्या निकालाने १८८४ चा निकाल मोडून रोमिलीसाहेबांचे मत पुन्हा गादीवर बसवले. हंटला मनाई झाली. लॉर्ड मॅक्नॉटन यांनी त्या वेळी सांगितले की नावलौकिक हा धंद्याचा जीवनरस आहे. तो काढून घेतला तर झाड उभे दिसेल पण फळ धरणार नाही.

हेच मॅक्नॉटन १९०१ साली आणखी एका खटल्यात, जर्मनीतील गिल्डेहाउस येथला मार्गरिनचा कारखाना एका इंग्लिश कंपनीने घेतला त्यावरच्या मुद्रांकशुल्काच्या वादात, म्हणाले होते की नावलौकिकाचे वर्णन करणे फार सोपे, व्याख्या करणे फार अवघड. गिऱ्हाइकाला ओढून आणणारी शक्ती ती हीच. गिऱ्हाईक जर्मनीत म्हणून ती शक्तीही जर्मनीतच, आणि विक्रीचा कागद इंग्लंडात झाला तरी त्या मालमत्तेवर इंग्लंडचे शुल्क नाही, असा निकाल झाला. म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूलाही गावठिकाण असते!

गिऱ्हाइकांच्या जातीही इंग्रज न्यायाधीशांनी गमतीने सांगितल्या आहेत. १९३४ च्या एका निकालात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी प्राण्यांची उपमा घेतली. काही गिऱ्हाइके मांजरासारखी: घरधनी बदलला तरी घर सोडत नाहीत. काही कुत्र्यासारखी: धन्याच्या मागोमाग जातात. काही उंदरासारखी: ना घराची ना धन्याची, सापडेल तिथे खातात. पुढे त्यात ससाही आला, जवळ पडते म्हणून येणारा. तुम्ही दुकान विकायला किंवा घ्यायला निघाला असाल तर हिशेबाच्या वह्या पाहण्याआधी हे मोजा: यातली मांजरे किती आणि कुत्री किती? मांजरांची किंमत द्यावी; कुत्री धन्याबरोबर जायचीच.

आता आपल्या देशात येऊ.

आपला करारविषयक कायदा १८७२ चा. त्याचे सत्ताविसावे कलम मोठे कडक आहे. कायदेशीर धंदा करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द, असे ते सांगते. इंग्लंडात पार्करसाहेबांनी जो वाजवीपणाचा दरवाजा उघडला होता, तो इथे जवळजवळ बंदच केला. हे कलम आले न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड या वकिलाने तयार केलेल्या मसुद्यावरून. न्यूयॉर्कने तो दिवाणी मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने त्याच १८७२ साली स्वीकारला. म्हणून या बाबतीत आपला कायदा इंग्लंडपेक्षा कॅलिफोर्नियाचा जवळचा भाऊ आहे.

हे कलम किती कडक, हे दोनच वर्षांनी कळले. कलकत्त्यात पितळेची भांडी करणाऱ्या दोन दुकानदारांत चुरस होती. एकाने दुसऱ्याला सांगितले, तू या भागातले दुकान बंद कर. कारागिरांना दिलेली तुझी आगाऊ रक्कम, नऊशेच्या आसपास रुपये, मी भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केले, पण पैसे काही आले नाहीत. तो १८७४ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी निकाल दिला की बंधन एका भागापुरते का असेना, करार रद्द. पैसे मागता येणार नाहीत. बिचाऱ्याचे दुकानही गेले आणि रुपयेही गेले.

पण त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे, आणि तो लहान धंदेवाल्यांसाठी सोन्याच्या मोलाचा आहे. जो माणूस आपल्या धंद्याचा नावलौकिक विकतो, त्याला असा करार करता येतो की विकत घेणारा जोवर तो धंदा चालवील तोवर ठरावीक हद्दीत मी तसला धंदा करणार नाही. हद्द मात्र न्यायालयाला वाजवी वाटली पाहिजे. होबर्नची ती पावभट्टी आपल्या कायद्यात या खिडकीतून आली.

पुढे १९३२ चा भागीदारी कायदा आला. त्याच्या पंचावन्नाव्या कलमात तर ब्रॅडफर्डचा कापडवाला आणि लंडनचा व्हार्निशवाला दोघेही शेजारी शेजारी बसले आहेत. पेढी मोडल्यावर नावलौकिक विकला गेला तर जुन्या भागीदाराला स्पर्धेचा धंदा काढता येईल, त्याची जाहिरातही करता येईल. पण वेगळे काही ठरले नसेल तर तीन गोष्टी करता येणार नाहीत: पेढीचे नाव वापरता येणार नाही, पेढीचाच धंदा चालवतो आहे असे दाखवता येणार नाही, आणि पेढी मोडण्यापूर्वी जे तिच्याशी व्यवहार करत होते त्यांच्याकडे धंदा मागायला जाता येणार नाही. पहिल्या दोन अटी डग्लसच्या, तिसरी हंटच्या कारकुनाची. शंभर-सव्वाशे वर्षांचे भांडण चार ओळींत आले.

आणखी एक आपलीच हकीकत सांगतो. बंगळूरमध्ये उदबत्त्या बनवणारी एक भागीदारी पेढी होती. ती मोडली तेव्हा तिच्या नावलौकिकाची किंमत दीड लाख रुपये धरली गेली. आयकर खात्याने या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर मागितला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने श्रीनिवास सेट्टी यांच्या त्या प्रकरणात सांगितले की कर बसणार नाही. कारण नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. आणि रोजच्या धंद्यातून आपोआप वाढलेल्या नावाची खरेदीची किंमत सांगणार कोण? ते कोणत्या दिवशी जन्मले हेसुद्धा सांगता येत नाही. पुढे १९८७ साली संसदेने कायदा बदलला आणि अशा नावाची खरेदीकिंमत शून्य धरावी असे ठरवले, म्हणजे कराची सोय झाली. पण न्यायालयाने म्हटले होते ते माणसाच्या अनुभवाला धरून होते. पहाटे पाचला उठून कुलूप काढण्याची किंमत कोणत्या पावतीवर लिहिणार?

तर वाचकहो, या सगळ्या इतिहासाचा निष्कर्ष काय? धंदा विकणे म्हणजे एका माणसाने कमावलेला विश्वास दुसऱ्याच्या हवाली करणे. भिंती, तराजू, माल यांची विक्री सोपी. ती एका दिवसात होते. विश्वासाच्या विक्रीला मात्र कायदा फक्त कुंपण घालू शकतो. विकणाऱ्याने काय करू नये एवढे तो सांगतो: नाव वापरू नये, साद घालू नये, लिहून दिले असेल तर त्या हद्दीत धंदा करू नये. म्हणून विकत घेणाऱ्याने खरेदीखतात हद्द स्पष्ट लिहून घ्यावी, पेढीचे नाव स्पष्ट लिहून घ्यावे, गिऱ्हाइकांची यादी जोडून घ्यावी. तोंडी शब्द गोड असतो, पण कागदावर नसलेला शब्द वर्षभरात विसरला जातो.

मात्र विकणाऱ्याने काय करावे, हे कोणतेच कलम सांगत नाही.

आता आमच्या मामांकडे वळतो. आज कायद्याच्या नजरेने पाहिले तर मामा फारसे चुकले होते असे म्हणता येणार नाही. त्यांनी हद्द लिहून दिली नव्हती. जुन्या दुकानाची पाटी त्यांनी वापरली नव्हती. कुणाच्या दारात जाऊन 'माझ्याकडून घ्या' असे ते म्हणाले नव्हते. 'त्यांच्या पायानं येतात' हे अक्षरशः खरे होते. लॉर्ड एल्डन असते तर त्यांनी मामांना मनाई केली नसती, आणि पेज वुडसाहेबांनीही बहुधा केली नसती.

पण त्या दुपारी तो तरुण निघून गेल्यावर मामा जेवले नाहीत. मामींनी ताट झाकून ठेवले. संध्याकाळी ते वखारीच्या बाजूला चालत गेले आणि बऱ्याच उशिरा परत आले. दुसऱ्या आठवड्यात स्टँडजवळचा गाळा बंद झाला. मग एका सकाळी ते त्या तरुणाच्या टेम्पोत पुढे बसले. सलग दहा-बारा दिवस दोघे खेडोपाडी हिंडले. मीही दोन दिवस मागे पिशव्यांवर बसून गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येक दुकानात मामा चहा घेत, घरच्यांची चौकशी करत, आणि मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलत: "आता आप्पा म्हणजे हा. माझा हिशेब मिटला, ह्याचा सुरू."

एका दुकानदाराने विचारले, "पण आप्पा, चव तीच येणार का?" मामा म्हणाले, "ते मी ह्याला शिकवलंय." प्रत्यक्षात ते शिकवणे त्याच आठवड्यात, रोज संध्याकाळी वखारीत, ताडपत्रीवर चालले होते. इतकी ममरी, इतकी डस्ट. तो तरुण वहीत लिहून घेत होता आणि मामा सांगत होते, "लिहू नकोस, हातात घे."

'नावाचे' म्हणून घेतलेल्या चाळीस हजारांचा माल मामांनी पोचवला तो त्या दहा-बारा दिवसांत. खरेदीखत त्याआधी दीड वर्ष झाले होते.